अकरावीचं वचन

ताई,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. भेटायला येणारे विचारतात, कशी गेली हो? मी सांगतो, सकाळी चहाचं आधण ठेवलं, खाली बसली आणि उठलीच नाही. एवढं सांगून मी गप्प बसतो. त्यांना जास्त काही सांगावंसं वाटत नाही, कारण मला जे बोलायचंय ते त्यांच्याशी नाही, तुझ्याशी. आपलं भांडण अर्ध्यात राहिलंय. आजवर भांडणातून तरातरा उठून जायचं काम माझं होतं. या वेळी ते तू केलंस, आणि मला तुझा राग येतो. खरंच येतो. रडू येतं, पण आधी राग येतो.

त्या रविवारी भर दुपारी मी थाटीपुरहून तुझ्याकडे आलो, तो भांडायच्या तयारीनेच आलो होतो हे आता कबूल करतो. तुझ्या पूर्वाचा दहावीचा निकाल लागून महिना उलटला होता. पोरगी सेकंड डिव्हिजनमध्ये पास झाली होती, गणितात जेमतेम, बाकी बरी. आणि भाऊजींनी मला फोनवर सहज सांगितलं होतं की अकरावीला रेग्युलर कशाला, प्राइव्हेट फॉर्म भरून टाकू, घरी बसून परीक्षा देईल, आईला कामात हातभारही लागेल. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वीस वर्षं मी सरकारी शाळेत अकरावी-बारावीला इतिहास शिकवतोय. प्राइव्हेट फॉर्म भरलेल्या मुली मला चांगल्या माहीत आहेत. पहिल्या वर्षी पुस्तकं येतात, दुसऱ्या वर्षी त्या पुस्तकांवर इस्त्रीचे कपडे ठेवले जातात, आणि ऐन परीक्षेत घरात कुणाचं तरी लग्न निघतं.

शिंदे की छावनीतल्या तुझ्या पुढच्या खोलीत तू मशीनवर बसली होतीस, कुणाच्या तरी साडीला फॉल लावत. मी घाम पुसायच्या आत सुरू झालो. तू मान वर न करता म्हणालीस, "या माटसाब, आधी पाणी प्या." ग्वाल्हेरात मास्तरांना सगळेच माटसाब म्हणतात. पण तुझ्या तोंडून ते ऐकलं की माझी एम.ए.ची पदवी तू घडी घालून कपाटात ठेवून दिलीस असं मला वाटायचं.

मी तुला समजावलं, म्हणजे भाषणच दिलं. आठवीपर्यंत सरकार पोरांचा हात धरून ठेवतं, पुढे कायदा हात सोडतो, मग घरच्यांनी तो धरला नाही तर पोरं निसटतात, असं बरंच काही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "आणि तुझ्या चिठ्ठ्या काय म्हणतात?"

चिठ्ठ्यांवर तू मला कायम पकडायचीस. दर वर्षी अकरावीच्या पहिल्या दिवशी मी मुलांना कागदाचा चतकोर वाटतो आणि सांगतो, नाव घालू नका, फक्त लिहा की इथे का आलात. त्या चिठ्ठ्या घेऊन मी आधी तुझ्याकडे यायचो, कारण त्या वाचायला तुझ्याइतकं रसिक गिऱ्हाईक मला दुसरं माहीत नव्हतं. 'दोस्त आए तो मैं भी आ गया.' 'घर बैठूँगी तो शादी की बात चलेगी.' 'पापा कहते हैं बारहवीं के बिना फौज में नहीं लेंगे.' 'घर में कूलर एक है और वो दादाजी के कमरे में है.' एकाने लिहिलं होतं, 'मालूम नहीं, सर आप बताइए,' त्यावर तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होतीस. मग म्हणायचीस, बघ, एकानेही लिहिलं नाही की शिकायला आलो. मला मिरची झोंबायची. मी म्हणायचो, कारण कितीका बारीक असेना, पोर शाळेत येतं ना, मग शिकणं आपसूक अंगाला लागतं. तू म्हणायचीस, असेल, पण येणाऱ्यांचंच कारण तुला ठाऊक नाही, तर न येणाऱ्यांना कसलं शहाणपण शिकवतोस. हे भांडण आपण वर्षानुवर्षं चवीने भांडलो. त्यातून काही निघायचं नाही हे दोघांनाही माहीत होतं.

त्या रविवारी मात्र आपण हसलो नाही. माझी जीभ घसरली. मी म्हणालो, पोरीलाही तुझ्यासारखं या मशीनवर बसवायचंय का जन्मभर? तू मशीन थांबवलंस. भाऊजी नुकतेच नई सडकवरच्या दुकानातून जेवायला आले होते, हातात हेल्मेट घेऊन उंबऱ्यातच उभे राहिले. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तिला ढकलून शाळेत घालू नकोस. आधी..."

पुढचं मी ऐकलं नाही. "तुला काय कळतं शाळेतलं," असं म्हणालो आणि चपला घालून निघालो.

हे मी तुला म्हणालो, ताई. ज्या बाईने माझी बारावी करून घेतली तिला. सकाळी पाचला उठून तू मला चहा द्यायचीस आणि पुस्तक स्वतःच्या हातात घेऊन समोर बसायचीस. मी उत्तर देताना अडखळलो की तू पुस्तकाकडे न बघता पुढचं सांगायचीस. बारावीचा सगळा इतिहास तुला माझ्याइतकाच पाठ होता, परीक्षेला मात्र मी एकटा बसलो. आज मी ज्याच्या जोरावर माटसाब म्हणवून घेतो तो इतिहास माझ्या डोक्यात अजूनही तुझ्याच आवाजात आहे. याबद्दल मी तुला कधी एका शब्दाने काही म्हणालो नाही. भाऊ-बहिणीत असं बोलत नाहीत, असं मी समजायचो.

आपण भांडलो की तिसऱ्या दिवशी तुझा फोन यायचा, कढी केलीय, ये. या वेळी तिसऱ्या दिवशी आला नाही. मीही केला नाही, म्हटलं बघू कोण आधी करतं. पाचव्या दिवशी फोन आला तो भाऊजींचा होता.

आता दहाव्याचं सांगतो. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तलावाच्या काठी गुरुजींनी पिंड मांडले. वीसेक माणसं होती, पूर्वाही हट्टाने आली होती. ऊन असं की दगडावर पाय ठेववत नव्हता. समोरच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला होता, पण पिंडाकडे बघायला तयार नव्हता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग नेहमीचं सुरू झालं, गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि तसं वचन द्यायचं. भाऊजी हात जोडून म्हणाले, पूर्वाला काही कमी पडू देणार नाही. कावळा ढिम्म. तुझ्या नणंदबाई पुढे झाल्या, म्हणाल्या, वेळ आली की पोरीचं लग्न थाटात करून देऊ. कावळ्याने पंखात चोच घातली. लोक आता माझ्याकडे बघायला लागले.

मी वर्गात या गोष्टीची टिंगल करणारा माणूस. पोरांना सांगतो, कावळ्याला भूक असली की तो शिवतो. पण तुझे पिंड तिथे उन्हात पडले होते, आणि मला वाटलं, ताईचा जीव कशात अडकलाय हे माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार. शिवाय वीस माणसांच्या साक्षीने एकदा बोललं की भाऊजींना मागे फिरता येणार नाही, असा हिशेबही मनात होता. तुझ्या दहाव्याला मी राजकारण केलं, हे लपवत नाही. पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "ताई, पूर्वाला मी अकरावीत घालतो. रेग्युलर. हे माझं वचन."

आणि कावळा उडाला. पिंडाकडे नाही, तलावाच्या पार पलीकडे.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे मला कळतं. पण त्या क्षणी कुणाला काय समजावणार? नणंदबाई हलकेच म्हणाल्या, "देखा? मना कर दिया उसने." सगळ्यांच्या माना हलल्या. गुरुजींनी आणखी थोडी वाट पाहिली आणि शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवून घेतला. परतताना भाऊजी माझ्या शेजारून चालत होते. ते रागावलेले नव्हते, उलट त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. म्हणाले, तुमच्या ताईलाच नको होतं, मी तर त्या रविवारीच ऐकलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एरवी मी भाऊजींशी वाद घातला असता, आता माझ्यासमोर साक्षीला तू होतीस, आणि तू त्यांच्या बाजूने होतीस.

रेग्युलर प्रवेशाची शेवटची तारीख तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी होती. हातात चार दिवस होते.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. पूर्वा ओट्याशी उभी राहून पंधरा माणसांचा भात धूत होती. मला वाटलं, निदान ही तरी माझ्या बाजूने असेल. म्हटलं, तू कावळ्याचं मनावर घेऊ नकोस, मी बघतो काय करायचं ते. तिने नळ बंद केला.

"मामा, तुम्ही मला विचारलं होतं का?"

मी म्हणालो, काय विचारायचं? ती म्हणाली, काही नाही, आणि पुन्हा नळ सोडला. माझ्या तोंडात कुणी मारली असती तर इतकं लागलं नसतं. वीस वर्षं परक्या पोरांना चतकोर कागद वाटून विचारतो, इथे का आलास. आणि सख्ख्या भाचीच्या बाबतीत मी कावळ्याला विचारलं, मेलेल्या बहिणीलाही विचारलं. पूर्वा तेव्हा माझ्या मागे चार हातांवर उभी होती.

पुढचे तीन दिवस मी तुझ्या घरी जात राहिलो आणि काही बोललो नाही. हे मला किती जड गेलं असेल ते तुला कळेल. तुझं घर मात्र बघत राहिलो. जो येईल तो पूर्वाला हाक मारायचा. साखर कुठे ठेवलीय, पापांची ब्लडप्रेशरची गोळी कुठेय, आमच्या साड्या आईने तशाच ठेवल्यात का. एक बाई तर तुझ्या मशीनवर बोट ठेवून म्हणाली, आता हे तुझंच. वाईट हेतूने कुणीच बोलत नव्हतं. घरात तुझी जागा रिकामी होती आणि ती भरायला एक माणूस हाताशी होतं, एवढंच. पूर्वाच्या पायांना मात्र दिवसभर उसंत नव्हती.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं आणि पुढच्या खोलीत मोठी माणसं बसली. विषय निघणारच होता, तो नणंदबाईंनी काढला. उद्या तारीख संपते, तर प्राइव्हेटचा फॉर्म भरायचं ठरवून टाकू, बाई गेली ती आपली इच्छा सांगून गेली. भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "मी उंबऱ्यात उभा होतो. तिला ढकलून शाळेत घालू नकोस, असंच ती बोलली. खोटं असेल तर सांगा." खोटं नव्हतं. माझ्याकडे डझनभर उत्तरं तयार होती, त्यातलं एकही पूर्वाचं नव्हतं. ती त्या वेळी रिकामे ग्लास गोळा करत होती. मी म्हणालो, भाऊजी, मला काही बोलायचं नाही, पूर्वाला विचारा.

नणंदबाई म्हणाल्या, ती लहान आहे, तिला काय कळणार. मला वाटलं, पोरगी आता रडत आत जाणार आणि सगळं संपणार. तिने ट्रे खाली ठेवला.

"मला नाही माहीत मी पुढे काय बनेन," ती म्हणाली. "मॅथ्स तर मला जमतच नाही. पण आई गेली तेव्हापासून सगळे मला सामान विचारतात. किसी ने ये नहीं पूछा की तूने खाया क्या. शाळेत गेले तर दिवसाचे सहा तास मी कुणाची आई नाही राहणार. मुझे दो साल और चाहिए पापा, बस. घर मी सांभाळेन ना, पण आत्तापासून पूरा नाही."

ताई, अशी चिठ्ठी मला वीस वर्षांत कुणी लिहिली नाही. मला तिथे जाऊन तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मी जागेवरून हललो नाही. भाऊजींनी विचारलं, "और रोटी?" ते टोमणा मारत नव्हते. त्या माणसाला खरोखर भीती वाटत होती. पन्नास वर्षांत त्यांनी दुधाव्यतिरिक्त काही तापवलं नसेल.

"सकाळची मी करून जाईन," पूर्वा म्हणाली. "शाम की आप सीख लो."

भाऊजी उठले आणि बाहेर निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. नणंदबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, पोरीला बापासमोर उलटं बोलायला शिकवलंत. मी शिकवलं नव्हतं. हे ती तुझ्याकडून घेऊन आली होती, पण त्या दिवशी ते बोलून दाखवायचं धैर्य मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी गेलो तर घरात भाऊजी नव्हते. दुकानाला कुलूप होतं. फोन केला तर तो घरातच उशाशी वाजला. पूर्वा फाइल मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली होती, वेणी घालून, तयार होऊन. प्रवेशाची खिडकी एक वाजता बंद होणार होती आणि बापाच्या सहीशिवाय काही होणार नव्हतं. दहा वाजले, साडेदहा वाजले. ती एकदाही म्हणाली नाही की मामा, काय करायचं. मी मात्र दारात दहा वेळा जाऊन आलो, देवाला नाही नाही ते बोललो, तुलाही बोललो. सव्वाअकराला भाऊजी आले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. हातात तिच्या जुन्या शाळेचा दाखला होता. तो नसला तर नवी शाळा फॉर्म घेत नाही, हे माझ्या, एवढ्या मोठ्या माटसाबच्या, लक्षातच आलं नव्हतं. बाबूने दीड तास बसवून ठेवलं, म्हणाले, आणि पाणी प्यायले. मग पूर्वाला म्हणाले, चल.

लष्कर भागातल्या मुलींच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला. भाऊजींनी सही केली. मी बाजूला उभा राहिलो, सल्ला दिला नाही.

कावळ्याने नकार दिला असं मी अजूनही मानत नाही. पण माझं वचनच चुकीचं होतं, हे मानतो. आणि त्या 'आधी'नंतर तू काय म्हणणार होतीस, ते मला कधीच कळणार नाही. वाटतं, तेराव्याला मी जे म्हणालो तेच तू म्हणणार होतीस. पण ते वाक्य मी माझ्या सोयीने पुरं करणार नाही. मी ते तोडलं होतं, ते तसंच तुटलेलं माझ्याजवळ राहू दे.

काल संध्याकाळी गेलो होतो. भाऊजी परातीसमोर बसले होते, कोपरापर्यंत कणीक. पूर्वा पलीकडे नवीन पुस्तकांना कव्हरं घालत होती आणि मान वर न करता सांगत होती, पाणी थोडं थोडं घाला पापा. पहिली पोळी एका बाजूने करपली आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहिली. ती त्यांनी मला वाढली. मी खाल्ली आणि खाता खाता मला आपलं जुनं घर आठवलं.

तुझ्या दहावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात आईला कावीळ झाली होती आणि ती अंथरुणाला खिळली. तुझे मार्क माझ्या पुढच्या कुठल्याही निकालापेक्षा चांगले होते. दिवाळीपर्यंत आई बरी झाली, पण तू चुलीपाशी राहिलीस ती राहिलीसच. पुढे सगळे म्हणायला लागले, तिला शिकायची आवड नव्हती. मीही तेच म्हणत आलो. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, मला चांगलं बोलता येत होतं. शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या दिवशी मी नवा शर्ट घालून तुझ्यासमोर जेवायला बसलो होतो. तू माझ्या दप्तराकडे बघत होतीस, ते मी पाहिलं होतं. ताई, तू का नाही येत, एवढं मला विचारता आलं असतं. मी म्हणालो, अजून एक पोळी वाढ.